मिनिटाला सात थेंब

मी लातूरच्या धान्यबाजारात, मोंढ्यात, ट्रक तोलणाऱ्या भुईकाट्यावर नोकरी करतो. सव्वीस वर्षं झाली. या काळात माझ्यासमोरून किती ट्रक गेले असतील याचा अंदाज एकदा मांडायला घेतला होता. पण सोयाबीनच्या हंगामात दिवसाचा आकडा इतका वरखाली होतो की सरासरीला अर्थ राहत नाही, म्हणून सोडून दिला. ट्रक भरलेला आहे की रिकामा, आणि भरलेला असेल तर साधारण किती, हे मला टायरांकडं बघून कळतं. चाळीस-पन्नास किलो इकडंतिकडं. पण ट्रकच्या खाली काय असतं हे मी सव्वीस वर्षांत एकदाही वाकून पाहिलं नव्हतं. ती वेळ घरच्याच गाडीनं आणली.

घरची गाडी म्हणजे बायकोची गाडी. जुना पिकअप आहे, छोटा ट्रकच म्हणा. त्याच्या हौद्यात शेवयांची मशीन आणि ती फिरवायला एक लहान इंजिन, दोन्ही नटबोल्टांनी पक्की बसवलेली. होळी झाली की रोहिण्या निघेपर्यंत बायको ही गाडी घेऊन गावोगाव जाते. बायका घरून पीठ मळून आणतात, ही शेवया पाडून देते. गाडीही तीच चालवते. एक्केचाळिसाव्या वर्षी शिकली आणि पहिल्या फटक्यात लायसन घेऊन आली. मला गाडी चालवता येत नाही असं नाही. मला ती मागं घेता येत नाही.

गाडीखाली फरशीवर तेलाचा डाग मला दोन वर्षांपूर्वी दिसला. त्या दिवसापासून मी एक वही सुरू केली. गाडी बाहेरून आली की मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, त्याच्या नाकाखाली स्टीलची बशी ठेवायची आणि घड्याळ लावून दहा मिनिटांत किती थेंब पडतात ते लिहायचं. सुरुवातीला दहा मिनिटांत दोन थेंब होते. या होळीला आकडा मिनिटाला सातवर आला. बायकोनं वही पाहिली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "थेंब मोजून थांबत असते तर मी पण मोजले असते."

तिचं बोलणं तिखट होतं, त्याला कारण होतं. अहमदपूरच्या पलीकडं तिचं माहेर. दरवर्षी तिथल्या अकरा घरांच्या शेवया एकाच दिवशी होतात आणि तो दिवस ती ठरवते. आदल्या दिवशी संध्याकाळी बायका गहू ओलवून फडक्यात बांधून ठेवतात. सकाळी दळून, चाळून, पीठ मळून मशीनची वाट बघत बसतात. एकदा गहू ओलवला की मागं फिरता येत नाही. चैत्रातलं ऊन असं असतं की मळलेलं पीठ दुपारपर्यंत आंबतं. मागच्या वर्षी गहू ओलवून झाला, पीठ मळून झालं, आणि सकाळी आमच्या गाडीचा क्लच गेला. अकरा घरांचं पीठ जनावरांपुढं टाकावं लागलं. त्यानंतर वर्षभर माहेरचा एकही फोन त्या पिठाशिवाय संपला नाही. लग्नाचं बोलणं असो की दुखण्याचं, शेवटी कोणीतरी म्हणायचंच, "तुझ्या भरवशावर ओलवला होता गं बाई."

यंदा दिवस तिच्या मावशीनंच ठरवून साफ सांगितला होता. सोमवारी ये. नाही जमत तर आधी सांग, आम्ही शेजारच्या गावचा मशीनवाला लावतो. तो एकदा लागला की पुढं दरवर्षी तोच येणार, हे मावशीनं सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती.

गुरुवारी गाडी गॅरेजवाल्याला दाखवली. त्यानं खाली टॉर्च मारला आणि म्हणाला, ऑइल सील गेलंय, गोळ्याच्या तोंडाचं. लग्नसराई आहे, आठ दिवसांनी आणा. दुसरीकडं गेलो, तिथंही आठ दिवस. तिसरीकडं दहा. तेव्हा मी बायकोला म्हणालो, "सील म्हणजे रबराची एक कडी. ती मी घरीच बसवतो."

तिनं चपला घातल्या आणि समोरच्या घरातून चाचांना घेऊन आली.

चाचा म्हणजे आमच्या गल्लीतले जुने मिस्त्री. चाळीस वर्षं त्यांनी ट्रकखालीच काढली. त्यांचे वडील, आजे सगळे याच कामातले, आणि आजे तर म्हणे निजामाच्या काळात मोटारी दुरुस्त करायचे. मागच्या साली चाचांनी दोन्ही गुडघे बदलून घेतले आणि डॉक्टरनं सांगितलं, मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, गाडीखाली तर अजिबात जायचं नाही. तेव्हापासून ते ओट्यावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या आवाजावरून तिचा रोग सांगतात. आमच्या पिकअपचा रोगही त्यांनी मला दोनदा सांगितला होता. मी तो वहीत लिहून घेतला होता.

चाचा गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "साब, मी खुर्चीवर. तुम्ही खाली. मी बोलतो तेवढंच करायचं. डोकं लावायचं न्हाई."

"डोकं लावल्याशिवाय कसं होईल?" मी म्हणालो.

"भाभी, ऐकून राहिल्या ना? हे आत्ताच लावून राहिले."

त्या मापाचं सील लातुरात दोन दुकानांत मिळालं नाही. बायकोचा भाऊ नांदेडला असतो. त्यानं तिथून मिळवलं आणि शुक्रवारी दुपारच्या बसच्या ड्रायव्हरकडं दिलं. आमच्याकडं ही जुनी पद्धत आहे. औषध, चष्मा, लोणचं, पोराची राहिलेली वही, सगळं बसच्या ड्रायव्हरकडं देतात आणि गाडीचा नंबर फोनवर सांगतात. मी वेळेच्या वीस मिनिटं आधी स्टँडवर उभा राहिलो. ड्रायव्हरनं खिडकीतून पुडकं दिलं. मी ते तिथंच सोडून मापायचा व्हर्नियर लावला. आतलं माप बरोबर, बाहेरचं बरोबर, जाडी बरोबर. ड्रायव्हर वरून बघत होता.

"काय हो, सोनं-बिनं हाय काय?"

"ऑइल सील आहे."

"मंग मी काय त्यातलं अर्धं काढून घेतलं असतं व्हय?" म्हणून त्यानं हॉर्न दिला.

पुडक्यात दोन सीलं निघाली. मेहुण्याला फोन करून विचारलं, मी एकच सांगितलं होतं, दोन कशी? तो म्हणाला, "एक गाडीसाठी, एक भावजींसाठी. पहिलं बिघडवाल ना तुम्ही."

शनिवारी मी रजा टाकली. सकाळी साडेसातला चाचांची खुर्ची आमच्या दारात आली. त्यांच्या पहिल्या हुकमानं अर्धा तास घेतला: चारी चाकांना दगड. मी दगड लावले, त्यांनी काठीनं एकेक ठोकून पाहिला, दोन बदलायला लावले. "मेलेल्या माणसाकडून सील बसत न्हाई साब," ते म्हणाले. मग जॅक, जॅकच्या बाजूला लाकडी ओंडके, मग फरशीवर पुठ्ठा, आणि पुठ्ठ्यावर मी.

खालचं जग वेगळंच आहे. चिखल, वंगण, कुठल्याशा गावची वाळलेली कडब्याची काडी, आणि मधोमध तो गोळा. इंजिनाकडून येणारा लांब दांडा त्याच्या नाकाला चार बोल्टांनी जोडलेला. चाचांनी वरून सांगितलं, जोडाच्या दोन्ही तबकड्यांवर खडूनं खूण करा, नाहीतर दांडा उलटा बसेल आणि गाडी थरथरेल. मी खडूऐवजी छिन्नीनं खूण केली, कारण खडू तेलात पुसला जातो. चाचा म्हणाले, "शाबास. पण पुन्हा डोकं लावलं."

चार बोल्ट निघाले. दांडा सुतळीनं वर बांधला. आता मधला मोठा नट. तो तसा सैल करायचा नसतो. आत दोन बेअरिंगं असतात आणि त्यांच्यावरचा ताण त्या नटावर ठरतो, म्हणून तो जिथं होता बरोबर तिथंच परत आला पाहिजे. चाचा म्हणाले, "किती आटे फिरला ते मोजा. तुमची मोजायची आवड आज पहिल्यांदा कामाला येऊन राहिली."

मी मोजले. सव्वानऊ आटे. नट काढायला पान्याला चार फुटांचा पाइप लावावा लागला आणि तबकडी फिरू नये म्हणून बायकोनं दुसऱ्या बाजूनं पहार धरली. ती पहार धरून उभी, मी खाली, चाचा खुर्चीत. शेजारच्या काकू भाजी घ्यायला बाहेर आल्या आणि गाडीखालून बाहेर आलेल्या माझ्या पायांकडं बघून थबकल्या.

"काय झालं गं यांना?"

"काही नाही काकू, काम करून राहिलेत."

"अगंबाई," काकू म्हणाल्या, आणि भाजी न घेताच आत बातमी सांगायला गेल्या.

जुनं सील निघालं तेव्हा ते मी हातात घेऊन पाहिलं. रबराची ओठासारखी जी कड तबकडीच्या नळीला चिकटून तेल अडवते, ती खरखरीत होऊन चिरली होती. बोटानं दाबली तर परत जागेवर येत नव्हती. त्या नळीवर कडेनं एक बारीक खाच पाडली होती. चाचांनी चष्मा कपाळावर सरकवून खाचेवरून नख फिरवलं. "नख अडकत न्हाई. चालंल. बारीक पॉलिशकागदानं घासा." मी घासलं. नव्या सीलच्या ओठाला ग्रीस लावलं. मग ते सरळ बसवायचं. इथं मी माझी पद्धत वापरली. लाकडाचा सपाट ठोकळा ठेवून हळू ठोकायचं आणि दर चार ठोक्यांनी चारी बाजूंना व्हर्नियरनं खोली मोजायची. असं अकरा वेळा झालं.

"चाचा, गॅरेजात किती वेळ लागतो हो ह्याला?" बायकोनं विचारलं.

"दीड घंटा."

"आणि इथं?"

चाचांनी माझ्या पायांकडं पाहिलं. "जेवायला काय केलंय भाभी?"

चार वाजता सगळं जोडून झालं. नट सव्वानऊ आटे, छिन्नीची खूण खुणेला. गोळ्यात नवं तेल भरलं, वरच्या भोकातून बाहेर येऊ लागेपर्यंत. बशी ठेवली. दहा मिनिटं, शून्य थेंब. अजून दहा मिनिटं, शून्य. मी वहीत शून्य लिहिलं आणि त्याच्याभोवती गोल काढला. म्हणजे शून्याभोवती शून्य. बायकोनं चाचांना जेवण आणि मला साबण दिला.

रविवारी सकाळी ती गाडी घेऊन औशाच्या रस्त्यानं वीस किलोमीटर जाऊन आली. मी बशी घेऊन दारातच उभा होतो. गाडी थांबली, मी खाली सरकलो, आणि बशी ठेवायच्या आतच पहिला थेंब माझ्या मनगटावर पडला. मग दुसरा. मी घड्याळ लावलं. मिनिटाला नऊ.

जुन्या सीलला सात होते. नव्याला नऊ.

मी खालून बाहेर यायला बराच वेळ लावला. बायकोनं आकडा विचारला नाही, माझ्या तोंडावरून तिला कळला. ती पायरीवर बसली. "संध्याकाळी पाच वाजता मावशीचा फोन येणार," ती म्हणाली. "ओलवू का म्हणून विचारणार. नाही म्हणायचं असेल तर आत्ताच सांगते. तिला दुसरी मशीन बघायला वेळ तरी मिळंल."

"थांब," मी म्हणालो. "दुसरं सील आहे."

"पहिल्याचं काय झालं ते कळल्याशिवाय दुसरं घालून काय उपयोग?"

चाचा आले. त्यांनी मला खाली पाठवून दहा प्रश्न विचारले. सील तिरपं? नाही, चारी बाजूंना सारखं. ओठ दुमडला? आरशाचा तुकडा धरून पाहिलं, नाही. तेल जास्त भरलं? नाही, भोकाच्या काठाला. चाचांचे प्रश्न संपले. चाळीस वर्षांच्या मिस्त्र्याचे प्रश्न संपलेले बघणं वाईट असतं. "साब," ते शेवटी म्हणाले, "नवं सील असं ढकलून तेल बाहेर येत न्हाई. आतून कोणतरी ढकलून राहिलंय."

बायकोला तेवढ्यात काय वाटलं कोण जाणे, तिनं माझी वही उचलली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली. मोठ्यानं. मला ते बरं वाटलं नाही, कारण वहीत फक्त थेंब नव्हते, शेरेही होते.

"'दहा मिनिटांत दोन थेंब. चिंता करण्यासारखं नाही.' पुढं, 'दोन थेंब.' पुढं, 'तीन. काल चाचा म्हणाले सील, पण मला तसं वाटत नाही.'"

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. मी फरशीकडं पाहिलं.

"'आज खाली नीट तपासलं. गोळ्याच्या बाजूच्या नळकांड्यावर वरच्या अंगाला बोटाच्या पेराएवढी टोपी आहे. तिच्याभोवती तेलकट धूळ जमली आहे. गळती इथूनच आहे. टाकीच्या भेगा बुजवायची रासायनिक कणीक लावून तोंड पक्कं बुजवलं.'"

बायको थांबली. तिनं पान उलटलं. "'शून्य थेंब. उपाय यशस्वी.' मग 'पाच.' 'नऊ.' 'वीस.' 'चाळीस.' अहो, हे बुजवल्यापासूनच वाढत गेलंय की."

मी वही हातात घेतली. आकडे माझेच होते, माझ्याच अक्षरात, एकाखाली एक. बुजवण्याच्या आधी दोन-तीन, बुजवल्यानंतर पाच, नऊ, वीस. मी दोन वर्षं ते लिहीत होतो आणि एकदाही वरून खाली वाचलं नव्हतं. काट्यावर मी लोकांच्या पावतीतला एक किलोचा फरक पकडतो.

चाचा हसायला लागले. आधी आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. मग खुर्ची हलायला लागली. त्यांनी गुडघे दोन्ही हातांनी धरले, नवे होते म्हणून असेल. "या अल्ला," ते म्हणाले, "साबनं नाक दाबून ठेवलं गाडीचं!"

मग त्यांनी समजावलं. गाडी पळते, गोळा तापतो, आतली हवा फुगते. तिला बाहेर जायला ती टोपी. वाट बंद केली की हवा दुसरीकडून जायला बघते आणि जाताना तेल घेऊन जाते. जगातलं कुठलंही सील तिच्यापुढं टिकणार नाही.

"म्हणजे कुकरची शिट्टी बुजवली यांनी," बायको म्हणाली.

"हाव, भाभी! बराब्बर!"

माझ्या बाजूनं एक गोष्ट सांगायला पाहिजे. आमच्या गावात दुष्काळात रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यापासून आम्ही सगळे गळतीचे वैरी झालो आहोत. टाकीला चीर, नळाला झिरप, पाइपाला घाम, काहीही दिसलं की आधी कणीक मळून लावायची, मग विचार करायचा. आमच्या घरात ती कणीक गव्हाच्या कणकेशेजारच्या फळीवर असते. गल्लीत असं एकही घर नाही जिथं निदान तीन ठिकाणी ती वाळून दगड झालेली नाही. ओलं भोक दिसलं आणि बुजवलं नाही, असा लातूरकर मला दाखवा. हे मी चाचांना सांगितलं. ते म्हणाले, "माझ्या घरी पण लावलीय साब. संडासाच्या टाकीला. गाडीला लावायची कोणाची हिंमत झाली न्हाई."

मी छिन्नी घेऊन खाली गेलो. कणीक अशी पक्की झाली होती की मला स्वतःच्या कामाचा अभिमान वाटावा. सातव्या ठोक्याला तडा गेला. आठव्याला फुस्स असा लांब आवाज झाला आणि कोमट तेलाचे तुषार माझ्या चष्म्यावर, कपाळावर आणि उघड्या तोंडात गेले. गोळ्यानं कोंडलेला श्वास सोडला. चाचा वरून म्हणाले, "आलं का बाहेर?" मी आधी तोंडातलं तेल थुंकलं.

टोपी रॉकेलनं धुतली, फुंकून मोकळी केली, परत बसवली. मी दुसरं सील हातात घेतलं. चाचा म्हणाले, ठेवून द्या, पहिल्याला काही झालेलं नाही. मी म्हणालो, दाब पडला आहे, ओठ ताणला असेल, बदललेलं बरं. बायको म्हणाली, "काल एक बसवायला किती वाजले होते?" मी सील परत पुडक्यात ठेवलं.

दुपारी ती परत औशाच्या रस्त्याला गेली. या वेळी मी शेजारी बसलो. वीस किलोमीटर. घरी आलो, बशी ठेवली, घड्याळ लावलं. दहा मिनिटं, शून्य. वीस मिनिटं, शून्य. टोपीवर हात ठेवला, कोमट वाफ लागली. सगळं जसं असायला पाहिजे तसं.

पण काल संध्याकाळीही शून्यच होतं. माझ्या डोक्यातून ते जाईना. माझ्या हिशेबानं किमान शंभर किलोमीटर चालवून, थांबून, थंड होऊन, परत चालवून पाहायला हवं होतं. मी तसं बायकोला सांगत असतानाच पाच वाजले आणि फोन वाजला. तिनं स्पीकर लावला.

"ओलवू का गं?" मावशी म्हणाली. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. मागं बायकांचा आवाज येत होता. अकरा घरं तिथंच बसली असावीत.

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. तिला गाडी चालवता येते, मशीन चालवता येते, पण हे काम मी केलं होतं, आणि खालचं फक्त मी पाहिलं होतं. ती हळूच म्हणाली, "तुम्ही सांगा."

माझं आयुष्य दोन वेळा वजन केल्याशिवाय पावती न फाडण्यात गेलं आहे. एकदा भरलेली गाडी, एकदा रिकामी. इथं एकच वजन झालं होतं. ओलवा म्हणालो आणि अर्ध्या रस्त्यात थेंब सुरू झाले, तर तिच्या माहेरचं बोलणं तिला वर्षभर टोचणार नव्हतं, कायमचं टोचणार होतं. नको म्हणालो तर तो दुसरा मशीनवाला. चाचा खुर्चीत बसले होते, त्यांच्याकडं पाहिलं तर ते आकाशात कबुतरं बघत होते. मुद्दाम.

"ओलवा," मी म्हणालो. आवाज माझाच होता.

मावशी म्हणाली, "हे कोण बोललं? जावई? अगं, मागच्या साली तर तू म्हणाली होतीस, यांना विचारलं की दोन दिवस लागतात."

"यंदा लवकर बोलले," बायको म्हणाली आणि फोन ठेवला.

सोमवारी सहाला निघालो. मी मध्ये तीनदा थांबून बघायचं ठरवलं होतं. ती एकदाही थांबली नाही. शिरूरच्या पुढं मी म्हणालो, "जरा पाच मिनिटं." ती म्हणाली, "चहा प्यायचा असला तर थांबते. वाकायचं असलं तर नाही." मी चहा नको म्हणालो. अहमदपूरचा मोंढा मागं गेला, मग कच्चा रस्ता, मग बाभळी, मग तिच्या गावचा पार.

पिंपळाखाली अकरा पराती ओळीनं ठेवल्या होत्या. प्रत्येकीवर ओलं फडकं. बायका उभ्या होत्या, पण पुढं कोणी आलं नाही. गाडी थांबल्यावर बायको खाली उतरली, मागं चढली आणि इंजिनाची दोरी ओढली. पहिल्या ओढीला सुरू झालं नाही. कोणीतरी खाकरलं. दुसऱ्या ओढीला सुरू झालं. मावशीनं पहिली परात उचलून दिली, जाळीतून शेवयांचे केसांसारखे धागे खाली सुटले, आणि मावशीनं ते काठीवर घ्यायला हात पुढं केला तेव्हा कुठं सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

मी सवयीनं खाली वाकलो होतो. फरशी नव्हती, माती होती, आणि कोरडी होती.

"जावई," एक म्हातारी म्हणाली, "काही पडलं का तुमचं?"

"नाही," मी म्हणालो. "काहीच पडलं नाही."

"मग उठा की. काठ्या धरायला माणसं कमी पडून राहिलीत."

सासुरवाडीत जावयाला काम सांगत नाहीत. बत्तीस काठ्या मी त्या दिवशी खाटांवर नेऊन ठेवल्या. शेवटची परात दुपारी दोनच्या आत संपली आणि एकही आंबली नव्हती. शेवटच्या दोन परातींचं पीठ मशीनला द्यायच्या आधी हुंगून पाहिलं गेलं होतं, मुद्दाम, मावशीकडूनच. बायको गाडीच्या मागच्या कठड्यावर पाय सोडून बसली होती, केसांत पीठ, हातात ताक.

मावशी तिच्याजवळ आली. "तो शेजारच्या गावचा विचारून गेला परवा," ती म्हणाली. "पुढच्या साली येऊ का म्हणत होता."

"मग?"

"मग काय. तुझा दिस सांग, त्याला नाही म्हणते."

बायकोनं ताक संपवलं. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, चाचांना विचारते म्हणाली नाही, बघू म्हणाली नाही. "पाडव्यानंतरचा पहिला सोमवार," ती म्हणाली. "गहू रविवारी ओलवा. मला फोन करू नका."